निबंधात मावेना मामा

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. फक्त पुढं जे येईल ते तुमच्यासमोर आहे असं धरून चाला.

धरा, की सोलापुरात शुक्रवार पेठेत एक अरुंद दुमजली घर आहे. खाली लग्नपत्रिकांचा छापखाना आणि वर राहायच्या खोल्या. आज रविवार आहे, म्हणून यंत्र बंद आहे आणि सगळ्या जिन्यात शाईचा वास कोंडला आहे. वरच्या खोलीत खिडकीशी तुमच्याएवढीच एक मुलगी निबंध लिहीत बसली आहे. तिचं नाव भुवनेश्वरी, पण एवढं नाव घेईपर्यंत दूध उतू जातं म्हणून घरात सगळे तिला भुवी म्हणतात. धरलंत? आता शेवटची गोष्ट जरा जड आहे, ती दोन्ही हातांनी धरा. त्या दिवशी त्या घरात भुवी कागदावर जे लिहील ते घरात येऊन उभं राहणार होतं. का, ते विचारू नका. भुवीलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं.

हे भुवीचं आजोळ. तिचे बाबा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते आणि आईही तिकडंच. शाळेसाठी भुवी सोलापूरला अज्जा-अज्जींकडं राहायची. अज्जा म्हणजे सिद्धप्पा, छापखान्याचे मालक आणि पत्रिकांची प्रुफं तपासणारे. अज्जी म्हणजे दानम्मा. आणि त्यांचा मुलगा बसू, भुवीचा मामा. तो पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचा. बोलायचा फार कमी. सकाळी सांगितलेल्या विनोदाला दुपारी जेवताना हसायचा, आणि तोवर बाकीचे तो विनोद विसरलेले असायचे.

या मामाचं लग्न जमत नव्हतं. बघायला आलेली माणसं त्याला प्रश्न विचारायची, मामा उत्तर मनात जुळवत बसायचा, आणि ते जुळेपर्यंत माणसं चहा पिऊन उठलेली असायची. पण आज अक्कलकोटहून शिवशरणअप्पा आपली मुलगी दाक्षायणी हिला घेऊन येणार होते. दाक्षायणीनं घरी सांगितलं होतं, "फोटो नको, मी स्वतः जाऊन माणूस बघणार." मामानं तिला एकदा पाहिलं होतं. तिच्या मावशीचा मिक्सर तो दुरुस्त करत होता, तेव्हा ती समोर बसून सगळं काम शेवटपर्यंत बघत राहिली होती. दोघं एक अक्षर बोलले नव्हते. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी विचारायचा, "अक्कलकोटहून फोन आल्ता का?" मामाच्या तोंडून रोज एक वाक्य म्हणजे त्या घरात भाषणच समजायचे.

तर अशा दिवशी भुवी निबंध लिहीत होती. विषय होता 'माझी आवडती व्यक्ती'. व्यक्ती ठरलेलीच होती, मामा. पण भुवी पत्रिकांच्या घरात वाढलेली. त्या घरात एक गोष्ट हाडात भिनलेली होती. नाव गाळायचं नाही! एकदा एका पत्रिकेत नवरदेवाच्या चुलत चुलत्याचं नाव राहिलं. तो लग्नाला आला, पण आत आला नाही. घरून आणलेली खुर्ची टाकून कार्यालयाच्या दारात बसला, घरून आणलेली भाकरी खाल्ली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिला, "पत्रिकेत माझं नाव दिसलं का हो तुमाला?" तेव्हापासून अज्जा प्रत्येक पत्रिकेच्या शेवटी 'व इतर समस्त नातेवाईक' घालायला विसरत नसत.

भुवीनंही तसंच केलं. तिनं लिहिलं :

'भारत हा कृषिप्रधान देश आहे. आपले सोलापूर शहर चादरींसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. माझ्या परिवारात कुर्डुवाडीचे शेजारी श्री. अजिनाथकाका, पुण्याच्या सौ. पायलताई, त्यांचे यजमान श्री. ऋतुराज व इतर समस्त नातेवाईक आहेत. त्यांपैकी माझी आवडती व्यक्ती म्हणजे माझे मामा. ते दिसायला सुंदर व स्वभावाने मनमिळाऊ आहेत. ते सर्वांना मदत करतात. ते सिंहासारखे शूर आहेत.'

पूर्णविराम दिला आणि जिन्यात घुंगुरमाळ वाजली.

"कोण आलं गं?" स्वयंपाकघरातून अज्जी ओरडली. "चपला खालीच काढा म्हणावं!"

चपलांचा प्रश्न नव्हता. जिन्यातून खिलारी बैलांची जोडी वर येत होती. बैल खोलीत आले, पंख्याखाली उभे राहिले आणि भारत कृषिप्रधान असल्यासारखे शांतपणे रवंथ करू लागले. त्यांच्यामागून चादरींचे गठ्ठे आले. ते कुणी आणले नाहीत, आपले आपणच आले, आणि भिंतीला टेकून छतापर्यंत चढत गेले. मग अजिनाथकाका आले. अंगात बनियन, एका गालाला साबण.

"मी दाढी करालतो," ते म्हणाले. "एक गाल राहिलाय. इथं कसं काय आलो मी?"

पायलताई हातात झारा घेऊन आली. तिचा नवरा टीव्हीचा रिमोट घेऊन आला आणि तो बैलांकडं धरून बटणं दाबू लागला. त्यांच्यामागून पंधरावीस माणसं आली आणि भिंतीकडेनं ओळीत बसली. त्यांचे कपडे एकसारखे, वय एकसारखं, चेहऱ्यावर ओळख सांगणारं काहीच नाही. अज्जी चहाचा ट्रे घेऊन आली आणि थबकली.

"तुमी कुणाकडले?"

"इतर," सगळे एका सुरात म्हणाले आणि प्रत्येकानं एकेक कप उचलला.

"साखर संपली हं," अज्जी आत जाता जाता म्हणाली. "आणि भुवे, जिन्यात सिंह बसलाय. चहा नको म्हणतो. त्याला कडक भाकरीचा तुकडा टाकलाय."

खरंच, जिन्याच्या वळणावर सिंह बसला होता आणि कडक भाकरी कुडुमकुडुम खात होता.

इथवर भुवीला मजाच वाटत होती. पण तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि मामा बाहेर आला. म्हणजे सदरा मामाचा होता, पाय मामाचे होते, चेहरा मात्र मामाचा नव्हता. फोटोफ्रेमच्या दुकानात चौकटीत आधीपासून एक फोटो घातलेला असतो बघा, तसला तो चेहरा होता. सुंदर, मनमिळाऊ आणि कुणाचाच नसलेला.

"मामा!" भुवी किंचाळली.

मामानं तोंड उघडलं. आतून रेडिओवरच्यासारखा गुळगुळीत आवाज आला, "मी सर्वांना मदत करतो." मामानं घाबरून दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मग आरशाकडं बोट दाखवलं, मग दाराकडं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. भुवीला सगळं कळलं. दुपारी दाक्षायणी माणूस बघायला येणार, आणि इथं माणूसच जागेवर नाही!

गर्दीतून वाट काढत मामा पुढं यायला गेला, पण बैल मध्ये आले, गठ्ठे मध्ये आले, इतर मध्ये आले. थोड्या वेळानं तर तो दिसेनासाच झाला. अज्जीनं त्याच्यासाठी नेलेला चहासुद्धा एका इतरानं पिऊन टाकला.

भुवी रडकुंडीला येऊन निबंधाचा कागद घेऊन खाली छापखान्यात गेली. अज्जा एका पत्रिकेच्या प्रुफावर लाल पेन फिरवत होते.

"अज्जा, वर सगळं इस्कटलंय!"

"ऐकू आलं मला, खूर वाजालेत," अज्जा म्हणाले. "काय लिवलंस ते वाच बघू."

भुवीनं वाचलं. अज्जांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरं. आता मला सांग, हा निबंध कुणाचा?"

"मामाचा."

"मग मामा कुटं हाय?"

"गठ्ठ्यांच्या मागं," भुवी म्हणाली.

"निबंधातबी तितंच हाय. एवढ्या गर्दीत आलाय बिचारा, लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. बाकीच्यांना का घेतलंस?"

"राग येईल की त्यांना! तुम्हीच म्हणता, नाव गाळायचं नाही."

अज्जा हसले. "पोरी, ते पत्रिकेचं झालं. पत्रिका माणसं गोळा करायला असते. त्यात एक नाव राहिलं तर माणूस रुसतो. निबंध एक माणूस दाखवायला असतो. त्यात एक नाव जास्त झालं तर निबंध रुसतो. आणि हितं तर तुझा मामाच रुसून बसलाय."

भुवीनं त्यांच्या हातातला लाल पेन घेतला आणि कागदासकट त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच खोडा."

"मी खोडलं तर माझा निबंध होईल. तू खोड. मी जिना चढतो आणि तुझ्याजवळ बसतो."

वर आल्यावर भुवीनं 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' यावर रेघ मारली. बैलांनी एकमेकांकडं पाहिलं आणि घुंगुरमाळा वाजवत जिना उतरून गेले. चादरींच्या वाक्यावर रेघ मारली. गठ्ठे गेले आणि मागची भिंत दिसली. पायलताईचं नाव खोडलं तेव्हा तिनं उलट सुटकेचा निःश्वास टाकला.

"बरं झालं गं बाई, गॅसवर पुऱ्या ठेवून आलेय!" नवऱ्याला ओढत ती गेली.

अजिनाथकाका मात्र अडून बसले.

"मला खोडतीस? तुझ्या बारशाला पाळणा हलवलाय मी!"

"काका, पण हा निबंध मामाचा आहे."

"असू दे की. मी कुटं न्हाय म्हणतोय? एका बाजूला बसतो. कंसात ठेव."

"अजिनाथराव," अज्जा म्हणाले, "तुमच्यावर ती वेगळा निबंध लिहील."

"कधी?"

"सहामाहीला."

काकांनी साबण लावलेल्या गालावर बोट टेकून विचार केला. "वार्षिकला लिही. त्याला मार्क जास्त असतात." एवढं बोलून ते उरलेली दाढी करायला निघून गेले.

'इतर समस्त नातेवाईक' खोडल्यावर भिंतीकडेची सगळी माणसं उठली. रागावली नाहीत, रुसली नाहीत. कप मात्र व्यवस्थित धुऊन ठेवून गेली.

आता राहिला सिंह. भुवीचा जीव त्या वाक्यात अडकला होता. ते तिला पाठ होतं आणि छानही वाटत होतं. तिनं अगदी हलक्या हातानं नुसतं 'सिंहासारखे' खोडलं आणि 'ते शूर आहेत' ठेवलं. जिन्यावर जाऊन बघते तर सिंह गेला होता, शेपूट मात्र कठड्यावर लोंबत होती आणि इकडून तिकडं हलत होती.

"मामा शूर हाय का?" अज्जांनी विचारलं.

भुवीनं पेनचं टोपण लावलं आणि परत काढलं.

"सांग की."

"पाल दिसली की मामा टेबलावर चढतो."

"मग?"

भुवीनं उरलेलं वाक्यही खोडलं. शेपूट गेली.

खोली रिकामी झाली. मधोमध मामा उभा होता, फ्रेमच्या दुकानातला चेहरा घेऊन. अज्जांचा फोन वाजला. पलीकडून शिवशरणअप्पांचा मोठा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "वळसंग मागं टाकलंय बघा! पोचतोच आता!"

"अय्यो!" अज्जी हातातलं पातेलं ठेवून बाहेर आली. "अगं, गर्दी गेली, पण पोरगं कुटं आलंय अजून?"

भुवीनं निबंधात काय उरलंय ते पाहिलं. 'दिसायला सुंदर. स्वभावाने मनमिळाऊ. सर्वांना मदत करतात.'

"ह्यातलं काय तू डोळ्यांनी बघितलंस?" अज्जांनी विचारलं.

"असं लिहायचंच असतं."

"लिहायचं असतं ते सोड. तू काय बघितलंस?"

भुवीनं 'सुंदर' खोडलं, 'मनमिळाऊ' खोडलं, आणि मदतीचं वाक्यही खोडलं. मामाचा चेहरा ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसा कोरा झाला.

"होतं तेबी घालवलंस की!" अज्जी ओरडली.

भुवीनं घाईघाईनं लिहिलं, 'मामाचे कान सुपासारखे आहेत.' लगेच मामाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन सुपं लटकली, धान्य पाखडायची, खरीखुरी.

"जसं दिसतं तसं," अज्जा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या कशासारखं नको. घाई करू नको."

भुवीनं डोळे मिटले आणि मामाला आठवलं. सकाळी बॅग घेऊन कामाला निघालेला मामा. मग तिनं लिहिलं, 'मामाच्या कानावर टेस्टर अडकवलेला असतो. कान पुढं आलेले असल्यामुळे तो पडत नाही.' सुपं गेली, मामाचे कान आले, एका कानावर टेस्टरही आला. तिनं लिहिलं, 'त्याच्या डाव्या भुवईत एक फट आहे, कारण तिथं मिक्सरची स्प्रिंग उडून लागली होती.' भुवया आल्या. 'त्याच्या नाकाचा शेंडा काळा असतो, कारण ऑइल लागलेल्या बोटानं तो नाक खाजवतो.' नाक आलं, शेंड्यासकट.

अज्जीनं पदरानं डोळे पुसले. "हेच नाक. ह्या नाकावरनं किती ओरडले मी."

डोळे आणि तोंड राहिलं होतं, तोच खाली गाडीचं दार वाजलं.

"बर्री, बर्री, या की वर!" अज्जी धावत जिन्याशी गेली.

शिवशरणअप्पा आले, धान्याचे व्यापारी, कपाळावर विभूती आणि हातात पेढ्यांचा पुडा. मागून दाक्षायणी आली. बसली आणि सरळ मामाकडं बघू लागली. मामा खुर्चीत ताठ बसला होता. कान, भुवया, नाक आणि बाकी कोरं.

शिवशरणअप्पा सभ्य माणूस. ते जरा वेळ छताकडं बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "मुलाचं तोंड... अजून झालेलं न्हाय वाटतं?"

"काम चालू हाय," अज्जा म्हणाले. "पहिलं प्रूफ निघालंय. थोडी दुरुस्ती राहिलीय."

"असतंय असतंय. आमच्या माडीचं प्लास्टरबी असंच रेंगाळलंय." ते मामाकडं वळले. "बरं, काम काय करता?"

मामाच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. तोंडच नव्हतं, उत्तर कुठून येणार? अज्जी भुवीच्या मागं जाऊन कुजबुजली, "लिही लवकर! निर्व्यसनी लिही. होतकरू लिही. सुसंस्कृत लिही."

भुवीनं घाबरून तिन्ही शब्द लिहून टाकले. मामाचा एक कान नाहीसा झाला आणि टेस्टर टणकन फरशीवर पडला. शिवशरणअप्पा दचकले. भुवीनं तिन्ही शब्द खोडले आणि कान परत आला. मामानं टेस्टर उचलून कानावर ठेवला.

दाक्षायणीनं हे सगळं पाहिलं. ती उठून भुवीच्या शेजारी येऊन बसली.

"काय लिहालीस गं?"

"निबंध. माझी आवडती व्यक्ती."

"कोण, मामा?"

"हो."

"का आवडतो?"

हा प्रश्न भुवीला कुणी विचारला नव्हता. शाळेतल्या बाईंनी नाही, अज्जांनी नाही, तिनं स्वतःलाही नाही. उत्तर मात्र तिच्याकडं होतं. पण ते निबंधात लिहिण्यासारखं तिला वाटत नव्हतं. त्यात ती स्वतः रडत होती, आणि मामाचीही त्यात काही शोभा नव्हती. दुरुस्ती करणाऱ्या माणसाची तर मुळीच नव्हती. तिनं वर पाहिलं. अज्जी मान हलवून 'ते नको, ते नको' म्हणत होती, कारण अज्जीलाही ती गोष्ट माहीत होती.

भुवीनं अज्जांकडं पाहिलं. अज्जा चष्म्याच्या काचा पुसत होते. ते काही सांगणार नव्हते.

मग भुवीनं पेन टेकवला आणि न थांबता लिहिलं. लिहून झाल्यावर दाक्षायणी म्हणाली, "वाच की."

भुवीनं वाचलं :

'मी कुर्डुवाडीहून इथं आले तेव्हा मला आईची आठवण आली आणि मी रडायला लागले. अज्जीनं लाडू दिला, तरी मी रडतच होते. मामा काही बोलला नाही. त्यानं माळ्यावरचा टेबलफॅन काढला आणि माझ्यासमोर उघडला. एकेक स्क्रू काढून तो माझ्या मुठीत देत गेला. तो म्हणाला, "हे सांडू नको, सांडलं तर पंखा जुळणार नाही." माझ्या दोन्ही मुठी भरल्या. डोळे पुसायला हातच राहिला नाही, म्हणून मी रडायची थांबले. मग मामानं पंखा जुळवला. एक स्क्रू उरला. तो कुठला, ते आम्हाला कळलं नाही. पंखा चालला नाही.'

वाचता वाचता भुवीचं लक्ष कागदावर होतं, म्हणून तिला दिसलं नाही. पण बाकीच्यांना दिसलं. पहिल्या ओळींना मामाचे डोळे आले, जरा झोपाळू, नेहमीचे. आणि शेवटच्या शब्दाला तोंड आलं.

अज्जीनं कपाळावर हात मारून घेतला होता.

"अजून चालत न्हाय का तो?" दाक्षायणीनं मामाला विचारलं.

"न्हाय," मामा म्हणाला. स्वतःच्या आवाजात. त्याला तो आवाज इतका आवडला की त्यानं आणखी एक वाक्य बोलून टाकलं. "स्क्रू जपून ठेवलाय."

"आणा बघू पंखा."

मामा माळ्यावर चढला, पंखा घेऊन उतरला आणि दोघं फरशीवर समोरासमोर बसली. मामा उघडत होता, दाक्षायणी बघत होती. मधूनच ती बोट दाखवायची आणि मामा मान हलवायचा. शिवशरणअप्पांनी स्वतःच पेढ्यांचा पुडा सोडून एक पेढा तोंडात टाकला.

अज्जीचा जीव भांड्यात पडला. ती हळूच भुवीजवळ आली.

"छान लिवलंस गं. पण पंखा चालला न्हाय, हा काय शेवट झाला? बाईंना आवडायचं न्हाय. काहीतरी बोध घाल की शेवटी."

भुवीलाही ते पटलं. शेवट गोड हवा. तिनं खाली एक ओळ टाकली, 'असा मामा सर्वांना मिळो.'

आधी खालच्या गल्लीतून गलका ऐकू आला. भुवीनं खिडकीतून पाहिलं. पेठेच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पोरंच पोरं! सायकलवरची, कडेवरची, क्रिकेटची बॅट घेतलेली, शेंबूड ओढत आलेली. पार बाजारापर्यंत रांग लागली होती.

"मामा कुटंय?"

"आमाला मिळणार म्हणालेत!"

"माझा नंबर पहिला हाय, ढकलू नको की!"

बघता बघता पोरं जिना चढून वर आली. "हाच तो! कान बघ, टेस्टर बघ!" त्यांनी मामाचा हात धरला, सदरा धरला, पाय धरला आणि त्याला दाराकडं ओढायला लागली. मामा कुणालाच नाही म्हणू शकत नव्हता. पंख्याचं पातं हातात घेऊन तो ओढत चालला.

"अहो, थांबवा की कुणीतरी!" अज्जी ओरडली.

दाक्षायणी उठली आणि तिनं मामाचा दुसरा हात घट्ट धरला.

"सोडा त्यांना. त्यांचं ठरलंय."

पोरं थांबली. एक चष्मेवाली मुलगी पुढं आली. "कुणाशी ठरलंय?"

"माझ्याशी."

शिवशरणअप्पांचा पेढा घशात अडकला. "ठरलं? कधी ठरलं?"

"आत्ताच, अप्पा. तुमी पेढा खात होता तेव्हा."

मामानं दाक्षायणीकडं पाहिलं. या वेळी त्याचं तोंड जागेवर होतं आणि ते हळूहळू पसरत गेलं. अज्जा नंतर म्हणाले की तो सकाळच्या कुठल्या तरी विनोदाला हसला असेल. पण सकाळपासून त्या घरात कुणी विनोद केलाच नव्हता.

"ठरलं असलं तरी संध्याकाळपर्यंत द्या की!" मागून एक पोरगा ओरडला. आणि सगळ्यांनी पुन्हा जोर लावला. मामाचा सदरा खांद्यावर उसवला.

"भुवे!" अज्जी म्हणाली. "काहीतरी कर!"

भुवीनं पेन उचलला. शेवटच्या ओळीवर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत जाड रेघ मारली. मामाच्या हातावरचा भार एकदम सुटला आणि तो दाक्षायणीच्या अंगावर पडता पडता वाचला. खालची गल्ली रिकामी झाली. एका कुत्र्याला काय झालं ते कळलं नाही, ते तेवढं भुंकत राहिलं.

अज्जी धापा टाकत खाली बसली. "बरं बाई, बोध राहू दे. पण सुरुवात तरी काहीतरी घाल. सरळ मामाच्या कानापासून सुरू होतोय निबंध! आधी आपलं थोडं देशाबद्दल, शहराबद्दल—"

भुवीनं तिला पुढं बोलू दिलं नाही. कोरा कागद घेतला, मांडी घालून नीट बसली, आणि कान, भुवई, नाक सगळं नंतरसाठी मागं ठेवून कागदाच्या अगदी वरच्या ओळीत लिहिलं :

'मामा एकेक स्क्रू काढून माझ्या मुठीत देत गेला.'